ऑगस्टीनच्या मनोऱ्याला ‘झपाटलेला’ म्हणू नका

चिरेखाण: काल या मंचावर एकाने लिहिले की जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन मठाच्या अवशेषांत अमावास्येला घंटा वाजते, पांढऱ्या वस्त्रांतली राणी मनोऱ्यापाशी दिसते, आणि धाडस असेल त्याने मध्यरात्री जाऊन खात्री करावी. हे वाचून मला संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. त्या मनोऱ्याची घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. पोर्तुगीजांनी ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ बंद केल्यामुळे 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. जांभ्याच्या भिंतीवर छप्पर नसले आणि आपला पावसाळा वर्षानुवर्षे तिच्यात मुरत राहिला, तर ती पडायला कोणाचा शाप लागत नाही. राणी म्हणाल तर ती जॉर्जियाची केतेवान. धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे 1624 मध्ये शिराझला तिला हाल करून मारले आणि ऑगस्टीनी साधूंनी तिच्या अस्थी येथे आणल्या. उत्खननात सापडलेल्या अस्थीची हैदराबादला डीएनए चाचणी झाली आणि 2021 मध्ये आपल्या सरकारने ती जॉर्जियाला दिली. अशा बाईला तुम्ही हडळ करता?

पांढरी आकृती मीही पाहिली आहे. तिन्हीसांजेला ती आवाज न करता मनोऱ्यातून निघाली आणि अंगावर काटा आला. सकाळी पायथ्याशी करड्या रंगाच्या सुक्या गोळ्या पडलेल्या होत्या. काडीने उकलल्या तेव्हा आत उंदराचे केस आणि नखाएवढी कवटी निघाली. ते गव्हाणी घुबड होते.

मांडवीकाठ: घुबड तुम्ही पाहिलेत, म्हणून सगळ्यांनी घुबडच पाहिले असे होत नाही. माझी आजी दिवाडी बेटावरची. नदीपलीकडून पहाटे घंटा ऐकू यायची, असे ती शेवटपर्यंत सांगत असे आणि ती खोटे बोलणारी बाई नव्हती. अवशेषांच्या त्या टेकडीला राखणदार आहे, हे आमच्या घरी लहान मुलांनाही ठाऊक होते. तुम्ही सनावळी मांडून आमच्या माणसांना अडाणी ठरवता, याचा मला राग येतो.

खांडेपार: बाय, येथे मात्र थांबा. राखणदार आणि भूत यांना एका दावणीला बांधू नका. राखणदार हा गावाच्या सीमेचा धनी आहे. त्याला रोट, सोरो म्हणजे दारू आणि विडी ठेवतात, हिंदू ठेवतात तसे ख्रिस्तीही ठेवतात. माझे वडील एकदा पावसात रान चुकले असता पुढे काठी आपटत चाललेल्या कोणाच्या तरी आवाजामागून घरी पोहोचले. तो आवाज कोणाचा, हे त्यांनी कधी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने रोट ठेवून आले. भूत भिववते, राखणदार वाट दाखवतो.

चिरेखाण: श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण भुताच्या नावाने रात्री येणारी पोरे चिऱ्यांवर चढतात आणि बाटल्या फोडतात. गेल्या महिन्यात थडग्याच्या दगडावर वितळलेले मेण मी स्वतः खरवडून काढले. राखणदार मानता ना? मग त्याच्या हद्दीत हे चालू कसे देता?

मांडवीकाठ: ते मेण आम्ही ओतले का? आमच्या घरचे कोणी दिवेलागणीनंतर त्या टेकडीकडे फिरकत नसे, आणि त्या भीतीनेच ती जागा इतकी वर्षे राखली.

चिरेखाण: हे मात्र मान्य करावे लागेल. पण घंटेचे काय? जवळच्या से कॅथेड्रलच्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणतात ती आजही आहे आणि दिवाडी तिच्या समोरच. आजीने ऐकली ती तीच असणार.

मांडवीकाठ: असेल. आजीने ऑगस्टीनचे नाव घेतले होते की ते आम्हीच नंतर जोडले, हे आता मलाही छातीठोक सांगता येणार नाही. चतुर्थीला दिवाडीला जाईन तेव्हा मावशीला विचारीन. रोट मात्र ठेवीनच.