सीओ-पीओ अटेनमेंट: पेपर तपासून झालेत, आता आकडे कुठून काढायचे?

डिचोलीकर

नमस्कार. संलग्न पदवी महाविद्यालयात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम या वर्षीपासून माझ्याकडे आलंय. एक्यूएआर (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) ३१ डिसेंबरच्या आत भरायचाय आणि दुसऱ्या निकषातल्या २.६ पाशी गाडं अडलंय. सीओ (एका पेपरातून विद्यार्थ्याला काय यायला हवं) आणि पीओ (पूर्ण पदवीतून काय यायला हवं) किती साध्य झाले, म्हणजे त्यांचं अटेनमेंट, ते कसं मोजलं, हे तिथे लिहायचं असतं.

विभागांकडून आलेल्या शीट्समध्ये तीन तऱ्हा दिसतात. एका विभागाने पेपरच्या एकूण गुणांची सरासरीच सगळ्या सीओंसमोर लिहिलीय, म्हणून पाचही सीओ ६४ टक्के. दुसऱ्याने मॅपिंगच्या तक्त्यात (कोणता सीओ कोणत्या पीओशी किती जुळतो, १ ते ३) झाडून सगळीकडे ३ भरलेत. तिसऱ्याने नुसता विद्यार्थ्यांचा सर्व्हे जोडलाय.

सूत्र नेमकं कोणतं धरायचं, नॅकने ते ठरवून दिलंय का? पर्यायी प्रश्न ज्यांनी घेतलाच नाही त्यांना कसं मोजायचं? आणि वर्गात सातच विद्यार्थी असतील तर टक्केवारीला काय अर्थ? गेल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षा विभागात जमा झालेत. हाताशी आहे ती फक्त बेरीज.

निकष दोन

नॅकने सूत्र दिलेलं नाही. संस्थेने आपली पद्धत ठरवावी, लिहून ठेवावी, आयक्यूएसीच्या बैठकीत मंजूर करून घ्यावी आणि सगळ्या विभागांनी तीच वापरावी, एवढी अपेक्षा असते. ८०:२० किंवा १-२-३ पातळ्या हे जे कानावर येतं ते बहुतेक अभियांत्रिकीकडून, एनबीएच्या (तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) कामातून आलंय. बीए, बीएस्सी, बीकॉमला ते वापरायला हरकत नाही; फक्त उंबरठे, म्हणजे किती गुणांना ‘जमलं’ म्हणायचं ती रेष, आपल्या विद्यार्थ्यांकडे बघून ठरवा.

एक सीओ घेऊन सगळा हिशोब दाखवतो. समजा पेपर गोव्याच्या किनारी भूगोलाचा आहे आणि सीओ ३ असा आहे: ‘भरती-ओहोटीत मानशीचं दार कसं चालतं आणि त्याचा खाजनातल्या पाण्याच्या खारेपणावर काय परिणाम होतो, हे विद्यार्थी आकृती काढून समजावेल.’ (खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून केलेली शेतजमीन आणि मानस म्हणजे त्या बांधातली, दार असलेली पाण्याची वाट.) हा सीओ मोजता येतो. ‘विद्यार्थ्यांना खाजन जमिनींची माहिती होईल’ असा लिहिला असता तर पुढचं काहीच करता आलं नसतं, कारण माहिती झाली की नाही हे कोणत्या उत्तरावरून ठरवायचं? म्हणून सीओ लिहितानाच शेवटचं क्रियापद बघा: काढेल, तुलना करेल, गणित सोडवेल, कारण देईल. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ असलं काही दिसलं की थांबा.

सीओ ३ वर आयएसएमध्ये (सत्रातल्या अंतर्गत चाचणीत) ५ गुणांचा एक प्रश्न होता आणि एसईएमध्ये (सत्रान्त परीक्षेत) १० गुणांचा. उंबरठा ५० टक्के, म्हणजे आयएसएत २.५ आणि एसईएत ५ गुण. पातळ्या अशा: उंबरठा गाठणारे ५० टक्के किंवा जास्त असतील तर १, ६० पासून २, ७० पासून ३. पन्नासच्या खाली शून्य.

आयएसएला ४५ जण बसले, ३६ जणांनी २.५ गाठले. ८० टक्के, पातळी ३. एसईएला हा प्रश्न ३० जणांनी घेतला, १५ जणांनी ५ गाठले. ५० टक्के, पातळी १. आयएसए २० गुणांची आणि एसईए ८० ची असेल तर भार त्याच प्रमाणात: ०.२ × ३ + ०.८ × १ = १.४. हे झालं प्रत्यक्ष अटेनमेंट. सत्राअखेरच्या सर्व्हेत याच सीओला विद्यार्थ्यांनी तीनपैकी सरासरी २.५ दिले. प्रत्यक्ष ८०, अप्रत्यक्ष २० धरलं तर ०.८ × १.४ + ०.२ × २.५ = १.६२. लक्ष्य २ होतं. म्हणजे गाठलं नाही.

आता पीओ. समजा बाकीचे सीओ असे निघाले: सीओ १ ला २.२, सीओ २ ला २.०, सीओ ४ ला २.६. पीओ २ शी मॅपिंग आहे अनुक्रमे १, २, सीओ ३ चं ३, आणि सीओ ४ चा संबंध नाही. भारित सरासरी: (२.२ × १ + २.० × २ + १.६२ × ३) ÷ ६ = १.८४. काही कॉलेजं याला पुढे मॅपिंगच्या सरासरीने गुणून ३ ने भागतात, तेव्हा तोच आकडा १.२३ येतो. दोन्ही रीती चालतात. पण एका विभागाचा १.८४ आणि दुसऱ्याचा १.२३ शेजारीशेजारी ठेवून तुलना केली तर ती तुलना खोटी.

सगळीकडे ३ भरणाऱ्या विभागाला हेच गणित दाखवा. सर्व ठिकाणी ३ असेल तर भारित सरासरी आणि साधी सरासरी एकच येते आणि सगळे पीओ हुबेहूब सारखे निघतात. म्हणजे मॅपिंग न करता जे मिळालं असतं तेच मिळालं. तक्त्यात रिकाम्या जागा असायलाच हव्यात. एक सीओ दोन-तीन पीओंशीच नीट जुळतो.

तिसवाडी

वरचं गणित बरोबर आहे, पण ते करता येईल की नाही हे पेपर काढला त्या दिवशीच ठरतं. दोन गोष्टी तेव्हाच व्हायला लागतात.

पहिली, प्रत्येक उपप्रश्नासमोर सीओचा क्रमांक. पेपर बाहेरून येत असेल तर परीक्षा झाल्यावर त्याच आठवड्यात विभागाने बसून खुणा कराव्यात. एका प्रश्नात दोन सीओ मिसळले असतील तर गुण फोडून लिहा, ६ आणि ४ असे. फोडता येत नसतील तर मुख्य सीओला द्या, दोघांना पूर्ण १० देऊ नका.

दुसरी, प्रश्नवार गुण. उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर प्रश्नवार चौकट असते, परीक्षक ती भरतो, आणि मग गुणपत्रकावर जाते ती फक्त बेरीज. गठ्ठा सीलबंद झाला की चौकट गेली. म्हणून गठ्ठा देण्याआधी त्या चौकटीचे आकडे शीटमध्ये उतरवणं हे परीक्षकाच्या कामातच धरा. पन्नास उत्तरपत्रिकांना तासाभराचं काम आहे. वर्षाने करायला गेलात तर होतच नाही.

शीटमध्ये एका उपप्रश्नाला एक रकाना. प्रश्न घेतला पण काही मिळालं नाही तर शून्य लिहा. प्रश्न घेतलाच नाही तर घर रिकामं ठेवा. गैरहजर असेल तर ‘गैर’ अशी अक्षरं. मग एक्सेलमधलं ‘काउंट’ फक्त आकडे मोजतं आणि ‘काउंटइफ’ने उंबरठा गाठणारे मिळतात, भागाकार झाला की टक्केवारी हातात. सर्वाधिक चुका इथेच होतात: रिकाम्या घरात कोणीतरी सवयीने शून्य टाकतं. वरच्या उदाहरणात एसईएला ४६ जण बसले असतील आणि न घेतलेल्या १६ जणांना शून्य पडलं, तर १५ भागिले ४६ म्हणजे ३२.६ टक्के. पातळी १ ची शून्य झाली. शिकवण्यात काही बदल नाही, नुसत्या टंकलेखनाने.

उलट बाजूही बघा. पर्यायी प्रश्न वर्गातल्या हुशार सहाच जणांनी घेतला आणि सहाही पास झाले, तर १०० टक्के. तेही खरं नाही. म्हणून नियम करा: परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांनीही प्रश्न घेतला नसेल तर तो त्या सीओचा पुरावा धरायचा नाही, आयएसएवर विसंबायचं. आणि जे सीओ एसईएत पर्यायात टाकले जातात ते आयएसएमध्ये सक्तीचे ठेवा. आयएसए तर शिक्षकाच्याच हातात असते.

आता तुमच्या गेल्या वर्षाबद्दल. बेरजेवरून सीओ वेगळे काढता येत नाहीत. कोणी ‘अंदाजाने वाटून टाका’ सांगेल, ते करू नका. नॅककडून तपासणीला येणारी पिअर टीम एखादा पेपर उचलते आणि प्रश्नपत्रिका, दोन-चार उत्तरपत्रिका, शीट आणि मिनिट्स एकत्र मागते. वाटून टाकलेले आकडे तिथे उघडे पडतात. त्याही आधी, खोटा आकडा विभागालाच फसवतो. आयएसएच्या उत्तरपत्रिका, असाइनमेंट, प्रॅक्टिकलची जर्नल्स विभागातच असतात, तेवढ्यावरून प्रत्यक्ष अटेनमेंट काढा. परीक्षा विभागाला लेखी विनंती करून प्रत्येक वर्षाच्या एकेका पेपरची मुखपृष्ठं बघायला मिळतात का विचारा. जतन करण्याची मुदत संपली नसेल तर मिळू शकतात. आणि एक्यूएआरमध्ये सरळ लिहा की या वर्षी मोजणी आयएसए व सर्व्हेवरून केली, पुढच्या सत्रापासून एसईएचे प्रश्नवार गुण घेतले जातील, त्याचा ठराव अमुक तारखेच्या बैठकीत झाला. दोनशे शब्दांत हे नीट बसतं.

काणकोण

सात विद्यार्थ्यांचा प्रश्न राहिला. सातांत एक जण म्हणजे १४.३ टक्के. पाच जणांऐवजी चौघांनीच उंबरठा गाठला, एकाचा पेपर तापामुळे बिघडला, की पातळी ३ ची एकदम १ होते. अशा वर्गाला टक्केवारी काढा, कारण फॉर्मला ती लागते, पण निर्णय तिच्यावर घेऊ नका. तीन वर्षांची एकत्र बेरीज करा, म्हणजे एकवीस-बावीस जण होतात. त्याहून चांगलं म्हणजे सातही उत्तरं शेजारी ठेवून वाचा आणि प्रत्येकात कुठे चूक आहे ते एका ओळीत लिहा. मोठ्या वर्गाला ही चैन परवडत नाही. छोट्या विभागांनी ती सोडू नये.

याच्याच पुढचं सांगतो, कारण इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच थांबतात. सीओ ३ चा १.६२ आला, लक्ष्य २ होतं. पुढे काय? बहुतेक फायलींमध्ये ‘रेमेडियल क्लास घेण्यात आले’ एवढंच वाक्य असतं. त्याने काही कळत नाही. उत्तरपत्रिका उघडल्यावर समजा असं दिसलं: आकृती सगळ्यांनी काढलीय, पण दार कोणत्या बाजूला उघडतं हे निम्म्यांनी उलटं दाखवलंय. भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, ही दिशाच पक्की झाली नाही. मग खारं पाणी सोसणारं कोरगुट भात तिथे का टिकतो, बांध फुटला तर काय होतं, हा पुढचा सगळा भाग घोटाळ्यात गेला. म्हणजे अडचण पाठांतरात नाही, दार प्रत्यक्ष चालताना पाहिलं नाही त्यात आहे.

मग उपाय नेमका लिहिता येतो: चवथीच्या सुट्टीआधी, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, पाणी उतरायला लागताना मानशीवर क्षेत्रभेट, भेटीनंतर आठवड्यात दिशेसह आकृतीचा ५ गुणांचा आयएसए प्रश्न, जबाबदार शिक्षक अमुक, पुढच्या सत्रात त्याच प्रश्नप्रकारावर पुन्हा मोजणी. आयक्यूएसीची बैठक तिमाहीला एक तरी व्हायलाच हवी. एका बैठकीच्या मिनिट्समध्ये हा ठराव आणि पुढच्या बैठकीच्या एटीआरमध्ये (केलेल्या कारवाईच्या अहवालात) काय झालं ते आलं की साखळी पूर्ण झाली. नवा आकडा १.६२ वरून १.७ झाला तरी चालेल. तोच राहिला तरी चालेल, फक्त उपाय बदलल्याचं दिसलं पाहिजे.

संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही, म्हणून हात वर करू नका. शिकवण्याची रीत, आयएसएचं स्वरूप, प्रॅक्टिकलचा क्रम आपल्याकडे असतो. सीओच चुकीचा लिहिलेला असेल, किंवा १५ तासांत न मावणारं एका क्रेडिटमध्ये कोंबलं असेल, तर दोन वर्षांचे आकडे जोडून विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला पत्र द्या. नुसत्या तक्रारीपेक्षा ते वजनदार ठरतं.

डिचोलीकर

खूप मदत झाली, तिघांचेही आभार. एसईएच्या खुणा आणि प्रश्नवार शीटचा ठराव याच बैठकीत घेतो. एक राहिलं: एनईपीच्या (नव्या शैक्षणिक धोरणाच्या) एमडीसीला, म्हणजे बहुविद्याशाखीय पेपरला, दुसऱ्या विभागांची मुलं येतात. वाणिज्यची मुलं भूगोलाचा पेपर घेतात. त्यांचा सीओ कोणत्या पीओशी जोडायचा, भूगोलाच्या की वाणिज्यच्या? आणि सर्व्हेत नेमकं काय विचारायचं?

निकष दोन

एमडीसी, एईसी (भाषा-संवाद क्षमतेचे), व्हीएसी (मूल्यशिक्षणाचे) हे पेपर पीएसओशी जोडू नका. पीएसओ म्हणजे त्या त्या मुख्य विषयाचे खास परिणाम. हे पेपर जोडायचे ते पदवीच्या सामायिक पीओंशी: संवाद, चिकित्सक विचार, पर्यावरणभान, समाजाशी नातं असे. म्हणून सामायिक पीओ सगळ्या कॉलेजचे एकच ठेवा, विभागवार वेगळे नकोत. मोजणी पेपर शिकवणारा विभाग करेल आणि निकाल कॉलेजच्या एकत्रित शीटमध्ये जाईल. एमडीसी एकूण ९ क्रेडिट्सचा, म्हणजे बहुधा तीन-तीन क्रेडिट्सचे तीन पेपर. ४५ तासांच्या पेपरला चार सीओ पुरतात. सहा-सात लिहिले की परीक्षेत प्रत्येकाला प्रश्नच मिळत नाही आणि दोन-तीन सीओ मोजल्याशिवाय राहतात.

तिसवाडी

सर्व्हेबद्दल: ‘शिक्षक वेळेवर येतात का’, ‘शिकवणं आवडलं का’ हा फीडबॅक झाला, तो वेगळा घ्या. अटेनमेंटच्या सर्व्हेत प्रत्येक सीओचं एक वाक्य, विद्यार्थ्याच्या भाषेत: ‘मानशीचं दार भरतीला का बंद होतं हे मी आकृती काढून दुसऱ्याला सांगू शकतो.’ उत्तरं तीनच: नीट, थोडंफार, नाही. गुण ३, २, १. शेवटच्या आठवड्यात वर्गातच भरून घ्या, निकाल लागायच्या आधी. निकालानंतर घेतला तर मुलं गुण बघून उत्तर देतात. सर्व्हे २.५ आणि प्रत्यक्ष १.४ असा फरक दिसला तर तो पुसून सारखा करू नका. येतंय असं वाटतं पण लिहिता येत नाही, हे त्या फरकातूनच कळतं. अशा पेपरला आयएसएत एक लेखी सराव वाढवा.

शीटच्या नावात वर्ष, सत्र, पेपर कोड आणि शिक्षकाची आद्याक्षरं घाला आणि मूळ प्रत आयक्यूएसीच्या ड्राइव्हवर ठेवा, कोणाच्या खासगी खात्यावर नको. शिक्षकाची बदली झाली की नेमकी तीच फाईल सापडत नाही.