टॉम डेली विणकामाचे किट विकतो, मग मी स्वेटर का विकत बसलेय?

उलटा_टाका: टोकियो ऑलिंपिकमध्ये मुलींच्या स्प्रिंगबोर्डची (लवचिक फळीवरून पाण्यात उडी) फायनल चालू असताना स्टँडमध्ये बसून विणणारा ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली आठवतोय ना? बाकीचे त्याला बघत होते, मी त्याचे हात. २०२० च्या मार्चमध्ये, सरावाबाहेर जरा शांत बसता यावं म्हणून विणायला शिकला आणि २०२१ मध्ये 'मेड विथ लव्ह' नावाने किटचा धंदाही काढला. मी तीन आठवडे खपून एक स्वेटर विणते. गिऱ्हाईक भाव ऐकून म्हणतं, "लोकर तर एवढीशीच लागते!" हा पठ्ठ्या लोकर, सुया, नमुना भरून देतो आणि विणायला गिऱ्हाइकालाच बसवतो. नुसत्या नावावर खपतं का हे?

दहा_मीटर: नाव आहेच की. १४ व्या वर्षी बीजिंग, एकूण पाच पदकं, २०२४ ला पॅरिसच्या रौप्यानंतर निवृत्ती. पण सुवर्ण मिळालं ते चौथ्या ऑलिंपिकमध्ये, मॅटी लीबरोबर जोडीने मारलेल्या उड्यांना, चीनपेक्षा फक्त १.२३ गुण जास्त. कॉलेजात मीही उड्या मारायचे. दहा मीटरवरून पाण्यात शिरताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्याच एका हाताने दुसरा धरून तळवा पाण्याकडे सपाट ठेवायचा. जरा वाकडा गेला की मनगट दोन दिवस ठणकतं. पाणी उडालं की गुण गेले, उसवायची सोय नाही. असा माणूस चुकलेला टाका मजेत उसवत असणार, असं आपलं मला वाटतं.

गुंडा_सुटला: नावावर पहिलं किट खपेल, दुसरं नाही. खरी मेहनत नमुना लिहिण्यात. "गळ्याला टाके कमी करा" एवढंच लिहिलंत की नवशिका तिथेच अडकतो आणि अर्धा स्वेटर कपाटात जातो. पण एकदा नीट लिहिलात की तोच नमुना शंभर किटमध्ये जातो. ताई, तुमचे तीन आठवडे एकाच स्वेटरमध्ये संपतात. आणि त्याने सुवर्णपदकासाठी विणलेली ती पिशवी बघा, एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून! जाहिरात आपोआप झाली.

उलटा_टाका: ओरखड्यांचं भारी आहे. काल नमुना लिहायला बसलेच, साध्या टोपीचा. पहिल्याच ओळीला गाडी अडली. माझे हात सवयीने ९६ टाके घालतात, पण ९६ च का, हा विचार कधी केलाच नव्हता. सैल विणणाऱ्याने किती घालायचे? इथे कुणी सैल हाताचं असेल तर चार बोटं रुंद तुकडा विणून टाके मोजून सांगा ना.