मदत हवी आहे: किलो, न्यूटन आणि ज्यूल

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम, आम्ही परळला राहतो. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, बल न्यूटनमध्ये हे तिला पाठ आहे. पण वजन हेही बलच, मग वाण्याच्या काट्यावर ते किलोत का, इथे ती अडते. समजा, ८ किलोची पिशवी दादरच्या जिन्याने ६ मीटर वर नेली, तर ८ × ९.८ (गुरुत्व त्वरण) × ६, म्हणजे सुमारे ४७० ज्यूल कार्य. इथवर पटलं. पण तीच पिशवी फलाटावरून सरळ चालत नेली तर गुरुत्वाविरुद्ध कार्य शून्य? "आई, हात तर दुखतो ना!" मलाही नीट उत्तर देता आलं नाही. तिला नुसती सूत्रं नकोत, कारण हवंय. घरच्या वस्तूंनी दाखवता येईल असा एखादा प्रयोग कुणी सुचवाल का? शनिवारी चाचणी आहे.