बेड रिकामा राहिला तर कोणाचं नुकसान? (कोविडनंतरची खासगी हॉस्पिटलं)

रावपुरकर
कोविडमध्ये कोणी किती लुटलं यावर इथे पुष्कळ भांडून झालंय. मला त्यानंतरचं बोलायचंय. 2020-21 मध्ये हॉस्पिटलांनी आयसीयू वाढवले, व्हेंटिलेटर घेतले, ऑक्सिजनच्या टाक्या बसवल्या. कित्येकांनी कर्ज काढून. लाट ओसरली, पण बँकेचे हप्ते चालूच राहिले. मग बेड भरायला पेशंट शोधावे लागतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

नोव्हेंबर 2024 आठवा. गुजरातमधल्या कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलने मोफत तपासणीचं शिबिर घेतलं, 19 जणांना तिकडे नेलं, सात जणांची अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची अडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडली. दोघे दगावले. खर्च आयुष्मान कार्डावर. गुजरातने 2023 मध्ये हे कवच कुटुंबामागे 5 लाखांवरून 10 लाख केलं. गरिबाकडे पैसे नव्हते तेव्हा त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. आता कार्ड आहे म्हणून गावात गाडी येते.

माझं म्हणणं एवढंच: डॉक्टरचा पगार त्याने केलेल्या प्रोसिजरच्या आकड्याला बांधू नका. बाकी सगळं नंतर.

वीस_खाटा
रावपुरकर, तुमची तारीख चुकत नाही, जोडणी चुकते. तो प्रकार सरळ गुन्हा आहे, त्याला कोविडच्या कर्जाचं कारण कशाला देता? कर्ज माझ्यावरही आहे. मी बस पाठवत नाही.

मी वडोदऱ्यात वाघोडिया रोडला छोटं नर्सिंग होम चालवतो. कोविडमध्ये आम्ही देवदूत होतो. जुलै 2022 मध्ये आयसीयू तळमजल्यावर न्या असा हुकूम निघाला तेव्हा गुजरातभर डॉक्टरांना एक दिवस संप करावा लागला. आगीची भीती खरी आहे, नाकारत नाही. पण तळमजल्यावर कॅज्युअल्टी, एक्स-रे आणि पार्किंग असतं, ते कुठे न्यायचं हे कोणी सांगेना. फेब्रुवारी 2024 मध्ये थकलेल्या बिलांपायी खासगी हॉस्पिटलांनी आयुष्मान योजनेचं काम थांबवण्याची घोषणा केली. पॅकेजचे, म्हणजे योजनेने प्रत्येक उपचाराला ठरवून दिलेले, दर कमी आणि तेही उशिरा. अशाने छोटा माणूस दुकान विकतो, आणि विकत घेणारा कोण? 2023 मध्ये ब्लॅकस्टोन या परदेशी गुंतवणूक कंपनीने केअर हॉस्पिटल्स घेतलं, तशाच टेमासेकने मणिपाल हॉस्पिटल्समध्ये मोठा हिस्सा घेतला. प्रोसिजरचं टार्गेट तिथून येतं. माझ्याकडे टार्गेट द्यायला माझ्याशिवाय आहे कोण?

अलकापुरीचे_काका
डॉक्टरसाहेबांशी सहमत. माझी बायपास खासगीतच झाली, बिल बघून घाम फुटला, पण आज सकाळ-संध्याकाळ कमाटीबागेत फेऱ्या मारतोय. ज्यांना खासगी नको त्यांनी सरकारी सयाजी हॉस्पिटलात जावं, कोणी अडवलंय? आधी तिथली रांग बघून या.

सिस्टर_मांजलपूर
काका, सयाजीत रांग आहे कारण तिथे कोणाला परत पाठवत नाहीत. खासगीत डिपॉझिट भरलं नाही की पेशंट "रेफर" होतो, आणि नातेवाइकांना ते सांगायला काउंटरवर आम्हाला पुढे करतात.

इथे सगळे डॉक्टर आणि मालकाबद्दल बोलताहेत, म्हणून लिहिते. 22 मार्च 2020 ला आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्याच्या चार वर्षं आधी, 2016 मध्ये, केंद्राच्या समितीने सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला किमान 20,000 द्या. आमच्यातल्या किती जणींना मिळतात, विचारा. कोविडमध्ये घेतलेल्या पोरी लाट गेल्यावर काढून टाकल्या. आता रात्री आयसीयूत एका सिस्टरकडे चार-चार पेशंट. बेड भरले म्हणजे साहेब खूश. पेशंटच्या श्वासनलिकेतला कफ ओढून काढायचं सक्शन वेळेवर झालं का, हे त्या भरलेल्या आकड्यात दिसत नाही. वीस_खाटा साहेब, तुमच्याकडे सिस्टरला किती देता?

फाइलवाला
मी टीपीएत, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या कंपनीत, क्लेम बघतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खातो. काकांच्या बिलाचं सांगतो: ऑपरेशन तेच, सर्जन तोच, पण सेमी-प्रायव्हेटऐवजी डीलक्स रूम घेतली की सर्जनची फीसुद्धा चढते. पलंग बदलला म्हणून हात जास्त कुशल होतो का? हे बेकायदा नाही, म्हणूनच जास्त खटकतं. रावपुरकर टार्गेटवर अडलेत. मला विचाराल तर पगार कसाही द्या, दर आधी भिंतीवर लावा. स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या जाळीच्या, किमतीवर फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा आली तेव्हा हृदयविकारावरचे उपचार बंद पडतील म्हणून ओरड झाली होती. काही बंद पडलं नाही.

वीस_खाटा
सिस्टर, 14,000. लाज वाटते, पण पॅकेजच्या दरात त्याहून जास्त बसत नाही. फाइलवाला, स्टेंट स्वस्त झाला आणि बिल? ते प्रोसिजर चार्जमध्ये फुगलं, तुम्हीच बघता.

रावपुरकर
बसत नाही हे मान्य. पण मग प्रामाणिक डॉक्टरच पहिला बुडतो आणि शिबिरवाला तगतो, म्हणजे माझाच मुद्दा झाला ना? आकडा नफ्याचा असो की हप्त्याचा, पेशंटच्या छातीपाशी बसून तो मोजता कामा नये. पेशंट पाठवल्याबद्दल कट घेण्यावर डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमावलीत बंदी आहे. त्याच नियमांत मागितल्यावर 72 तासांत पेशंटला उपचारांचे कागद द्यायचं बंधन आहे. निदान अँजिओग्राफीची (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची) सीडी घ्या आणि दुसऱ्याला दाखवा.

वीस_खाटा
कोणाला दाखवणार? शहरातले सगळे हार्टवाले एकमेकांना ओळखतात. दुसऱ्याचं निदान चूक आहे असं लेखी देणारा मला तरी अजून भेटला नाही.

फाइलवाला
म्हणून तर बोरीसणानंतर डिसेंबर 2024 मध्ये सरकारने योजनेत अँजिओग्राफीचा व्हिडिओ अपलोड करायला लावला. बघणारा शहराबाहेरचा हवा, एवढं झालं तरी खूप. पण तो नियम कार्डवाल्यांसाठी. काकांसारखे मेडिक्लेमवर जातात त्यांचा व्हिडिओ आम्ही मागत नाही, डिस्चार्ज समरी आणि स्टेंटचा स्टिकर आला की फाइल पुढे सरकते.

अलकापुरीचे_काका
म्हणजे माझी बायपास गरजेची होती की नाही, हे तुमच्या ऑफिसात कोणी बघितलंच नाही?

फाइलवाला
रिपोर्ट बघितले असतील, काका. सीडी नाही.