हाताच्या हाडात प्लेट असताना एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि पुढचे शिक्षण यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न (साताऱ्याचा बारावीकर): मी बारावी विज्ञान शाखेत असून माझे वय १७ वर्षे ४ महिने आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला कबड्डी खेळताना डाव्या हाताची कोपर ते मनगट यांमधली दोन्ही हाडे मोडली आणि शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. एप्रिलच्या एनडीए परीक्षेचा अर्ज भरावा का? वडिलांचे म्हणणे आहे की एक वर्ष थांबून फक्त एनडीएची तयारी करावी. आईला मात्र अभियांत्रिकीचा प्रवेश सोडू नये असे वाटते.

निवृत्त सुभेदार: बाळा, अर्ज अवश्य भर, पण हिशेब नीट समजून घे. अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते. एप्रिलच्या परीक्षेतून पुढच्या जानेवारीत आणि सप्टेंबरच्या परीक्षेतून त्यानंतरच्या जुलैत प्रवेश होतो, म्हणजे तुला तीन संधी आहेत आणि तिसरीच्या वेळी तू १९ वर्षे ५ महिन्यांचा असशील. अडचण लेखी परीक्षेची नाही. एसएसबीनंतरच्या, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीनंतरच्या, वैद्यकीय तपासणीत हाडात प्लेट असलेला उमेदवार अपात्र ठरतो, आणि अशी प्लेट साधारण दीड वर्षाच्या आत काढत नाहीत, कारण घाई केल्यास हाड तिथेच पुन्हा मोडण्याची भीती असते. त्यामुळे पहिल्या दोन संधी सरावाच्या समज. खरी संधी तिसरीच, आणि तीही काठावरची. शल्यविशारदांना प्लेट काढण्याचा अंदाजे महिना आजच विचार.

कोल्हापूरची ताई: एवढे निराश का करता? मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी १९७१ च्या युद्धात पाय गमावला, तरी पुढे पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व केले.

निवृत्त सुभेदार: ताई, कार्डोझो साहेबांबद्दल आम्हाला आदरच आहे, पण ते तेव्हा सेवेत असलेले अधिकारी होते. सेवेत राहण्याचे निकष वेगळे आणि भरतीचे वेगळे. भरतीच्या टेबलावर ते उदाहरण चालत नाही.

माजी एनसीसी कॅडेट, पुणे: या हिशेबानंतर वर्षभर थांबण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, कारण ते वर्ष हाड भरण्यातच जाईल. महाविद्यालयाकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नकोस. तुझ्यासाठी सैन्याचा रुंद रस्ता आता तिथूनच जातो. सीडीएसमधून, म्हणजे पदवीधरांसाठीच्या संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून, देहरादूनच्या आयएमएसाठी (भारतीय लष्करी अकादमी) कोणत्याही शाखेची पदवी चालते, नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची लागते, आणि अभियंत्यांना तांत्रिक पदवीधर प्रवेशाची वाटही असते. चार वर्षांचा खर्च जड वाटत असेल तर बी.एस्सी. करून सीडीएस देणारेही पुष्कळ आहेत. एनसीसी मात्र पहिल्याच वर्षी घे, कारण ‘सी’ प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला बोलावणे येऊ शकते. एनसीसीच्या निवडीतही शारीरिक तपासणी असते, तेव्हा हात पूर्ण बरा होईपर्यंत फुशारकी नको.

साताऱ्याचा बारावीकर: आभारी आहे, काका आणि दादा. तपासणीच्या वेळी शस्त्रक्रियेचा उल्लेख टाळावा, असे एका मित्राने सुचवले आहे.

निवृत्त सुभेदार: मुळीच टाळू नकोस. व्रण डॉक्टरांना दिसतोच, आणि लपवाछपवी उघड झाली तर हाडापेक्षा तीच महागात पडते. सर्व एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि प्लेट काढल्याची नोंद एका फाईलमध्ये ठेव. तात्पुरते अपात्र ठरवले तर अपील मंडळापुढे जाण्यासाठी ४२ दिवस मिळतात, आणि त्या वेळी हीच फाईल उघडली जाते.