सगळ्या पोर्शे ९११ सारख्याच दिसतात, मग पिढीगणिक बदललं काय?

बाणेरचा_बंड्या: रविवारी सकाळी पाषाणला मिसळ खायला थांबलो, तर बाहेर दोन पोर्शे ९११. एक जुनी, एक नवी. तेच बेडकाचे डोळे, तीच उतरती पाठ. साठ वर्षांत हे लोक नक्की बदलतात काय?

उगाच_उवाच: नाव बदललं की! १९६३ला ९०१ म्हणून दाखवली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो या फ्रेंच कार कंपनीने हक्क सांगितला, झाली ९११.

गॅरेजकाका: बंड्या, ९११च्या प्रत्येक पिढीला कंपनीचा वेगळा आकडा असतो. खरी फारकत ९९३ आणि ९९६ या पिढ्यांमध्ये. ९९३पर्यंत इंजिन हवेवर थंड व्हायचं. मागचं झाकण उघडलं की समोर भला मोठा पंखा. मी तीस वर्षं भवानी पेठेत स्कूटरी उघडल्या, तत्त्व तेच. कात्रजचा घाट चढून आलेल्या स्कूटरचं काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढताना बोटं किती भाजली, मोजलं नाही. पण सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर सिलिंडरच्या डोक्यातल्या (हेड) चिंचोळ्या जागेतली उष्णता वाऱ्याने निघत नाही, तिथे पाणीच लागतं. वर धुराचे आणि आवाजाचे नियम. म्हणून १९९७ला ९९६ पाण्यावर आली. भक्त खवळले. दिवेही फुटक्या अंड्यासारखे, त्यात ते बॉक्स्टर या पोर्शेच्याच स्वस्त गाडीच्या वळणाचे.

टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, गंमत वेगळी. १९७५ची पहिली ९११ टर्बो, ९३०: तीन लिटर, २६० हॉर्सपॉवर, गिअर चारच. पाय दाबला की आधी काही नाही, मग एकदम पाठीत लाथ. वळणात घाबरून पाय काढलात तर मागचं इंजिनाचं ओझं गाडी फिरवतं. १९९५च्या ९९३ टर्बोला दोन लहान टर्बो दिले, ते लवकर फिरतात, आणि ताकद चारही चाकांना. ४०८ हॉर्सपॉवर, तरी ९३०पेक्षा गरीब गाय. २०२०ची ९९२ टर्बो एस तर ६५०वर गेली.

मी यातली एकही चालवलेली नाही. एकदा ओळखीच्या शेडमध्ये ९६४चं (९९३च्या आधीची पिढी) तेल बघितलं, तेवढंच. इंजिन गरम आणि चालू ठेवून तेल मोजायची कांडी बघायची! तेल वेगळ्या टाकीत असतं, बंद केल्यावर पातळी फसवते. मी सवयीने आधी बंद केली आणि शिव्या खाल्ल्या.

तुझ्या जुनीचा आवाज कसा होता?

बाणेरचा_बंड्या: पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा. तेलाचा वासही आला.

गॅरेजकाका: हवेवालीच. मिसळ किती वाजता असते तिथे?