सेटलमेंट झालंय, सिबिल स्कोअर (कर्जफेडीवरून ठरणारा आकडा) ५७० च्या आसपास. एफडीवरचं क्रेडिट कार्ड कुठलं घेऊ?

गादीवाला_सांगली

नमस्कार मंडळी. मारुती चौकाच्या बाजूला आमचं गादी-उशांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. २०१९ च्या पुरात दुकानात छातीच्या वर पाणी होतं. भिजलेल्या कापसाची गाठ चौघांना हलत नाही, आणि वाळवून परत पिंजला तरी आतला चिखलाचा वास जात नाही. सगळा माल ट्रॉलीत भरून टाकून द्यावा लागला. पिंजायच्या मशीनची मोटर गेली ती वेगळीच.

परत उभं राहायला एका फायनान्स कंपनीकडून आठ लाखांचं बिझनेस लोन घेतलं. तारण काही नव्हतं, त्यामुळं व्याज जबर. हप्ते सुरू होतायत तोवर लॉकडाऊन लागला. लग्नं बंद म्हणजे रुखवताच्या गाद्या बंद. २०२१ ला परत पाणी आलं. हप्ते थकले, एक क्रेडिट कार्ड होतं तेही थकलं. वसुलीवाले घरी यायला लागले तेव्हा गावाकडची थोडी जमीन विकली आणि २०२३ मध्ये दोन्हीकडं सेटलमेंट करून, म्हणजे ठरवून थोडी कमी रक्कम भरून, मोकळा झालो. पत्रं जपून ठेवली आहेत.

आता कुणाचं एक रुपया देणं नाही. मिरजेच्या दोन दवाखान्यांच्या गाद्यांचं काम नेमानं मिळतंय. नवी मशीन घ्यायची म्हणून चालू खातं असलेल्या बँकेत गेलो, तर साहेबांनी सिबिल बघून फाइल तशीच परत दिली. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दोन वर्षांनी इंजिनिअरिंगचं शैक्षणिक कर्ज लागणार. तेव्हाही हेच ऐकायला नको.

भाचा म्हणतो एफडी ठेवून क्रेडिट कार्ड घे, सिबिल सुधारतं. पन्नास हजार बाजूला ठेवू शकतो. कार्ड कुठल्या बँकेचं घ्यावं? आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेचे मॅनेजर म्हणतात, कार्डाच्या नादाला लागू नका, आमच्याकडून छोटं कर्ज घ्या आणि फेडा. एक एजंट पंधरा हजारांत ‘सेटल्ड’ शेरा पुसून देतो म्हणतोय. आणि एकानं तर कोर्टात जाऊन दिवाळखोरी जाहीर करायला हवी होती असं सांगितलं. डोकं चालेना झालंय.

कर्जविभाग_निवृत्त_मिरज

भाऊ, राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. तुमच्यासारख्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर जाताना खूप बघितल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एजंटाला एक पैसा देऊ नका. सिबिलमधला शेरा कर्ज देणाऱ्या संस्थेनं कळवलेला असतो, तो बदलणंही तिच्याच हातात. बाहेरचा माणूस पोर्टलवर तक्रार टाकण्यापलीकडं काही करू शकत नाही, आणि ती तक्रार तुम्हाला घरी बसून फुकट करता येते.

कार्ड घेण्याआधी तुमचे रिपोर्ट काढा. आपल्याकडं चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा. नुसता स्कोअरचा आकडा बघून बंद करू नका, आतलं एकेक खातं वाचा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, छत्तीस महिन्यांपर्यंतचे. त्यात ०००, ०३०, ०९० असे आकडे दिसतील. तो त्या महिन्याचा हप्ता किती दिवस थकला होता त्याचा हिशेब. त्यावर खात्याची स्थिती लिहिलेली असते: सेटल्ड (काही रक्कम सोडून मिटवलेलं), रिटन ऑफ (बुडीत धरलेलं) किंवा क्लोज्ड (पूर्ण फेडून बंद). सेटलमेंट होऊनही रिटन ऑफ आणि खाली बाकी रक्कम तशीच, असं फार वेळा सापडतं. तुमच्या पत्राशी प्रत्येक ओळ ताडून बघा.

चूक सापडली तर पत्राची प्रत जोडून वाद नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तुमच्या पाठीशी नियम आहे, तेव्हा भिऊन बोलू नका.

आता ‘सेटल्ड’ शब्दाबद्दल. सोडून दिलेली उरलेली रक्कम भरून नो ड्यूज (काही देणं उरलं नाही असं पत्र) घेतलं, तर संस्था तो शेरा ‘क्लोज्ड’ असा कळवू शकते. आठ लाखांच्या कर्जात तुम्हाला ते झेपणार नाही आणि मी सांगणारही नाही. पण क्रेडिट कार्डावरची सोडलेली रक्कम लहान असेल, तर तेवढं एक खातं पूर्ण करून घ्यायचा विचार जरूर करा. आधी लेखी घ्या की पैसे भरल्यावर स्थिती बदलून कळवू. मग पैसे भरा.

पतसंस्थेच्या मॅनेजरांचा हेतू चांगला असेल, पण पतसंस्थेच्या कर्जाची नोंद सहसा सिबिलकडं जातच नाही. तिथं इमानानं फेडलेला हप्ता बँकेच्या साहेबांना दिसणार नाही. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं, ते बँकांपुरतं आहे. एफडी बँकेतच ठेवा.

भाचा बरोबर सांगतोय. तुमच्या परिस्थितीत एफडीवरचं कार्ड हाच सरळ रस्ता. बँक ठेवीवर बोजा चढवते, त्यामुळं जुना स्कोअर बघून नाही म्हणायचं कारण तिला उरत नाही. एसबीआय कार्डचं उन्नती, ॲक्सिसचं इन्स्टा ईझी, कोटकचं ८११ ड्रीम डिफरंट, आयडीएफसी फर्स्टचं वॉव ही त्यातली माहितीची नावं. पण नावात अडकू नका. बँकेत हे विचारा: वार्षिक फी आहे का, ठेवीच्या किती टक्के मर्यादा देता, ठेवीवर नेहमीचाच व्याजदर मिळतो ना, आणि कार्ड बंद केल्यावर बोजा किती दिवसांत उतरवता. पॉइंट, सिनेमाची तिकिटं, विमानतळावरचा लाउंज हे सगळं तुमच्या कामाचं नाही. फी नसलेलं आणि अडलं तर ज्याच्या शाखेत चालत जाता येईल असं कार्ड घ्या.

आणि एक. एफडी तारण आहे म्हणून बिल थकलं तरी बँक आपोआप वळतं करून घेईल आणि प्रकरण मिटेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. बँक ठेव मोडते हे खरं, पण तोवर थकीत म्हणून नोंद जायची ती जातेच. ठेवही गेली आणि स्कोअरही, अशी माणसं मी समोर रडताना बघितली आहेत.

कुपवाड_लेथ

वरच्या काकांनी सगळं सांगितलंय. मी वापरायचं कसं तेवढं सांगतो. माझंही वर्कशॉपचं कर्ज सेटल झालेलं, एफडीवरचं कार्ड बरेच दिवस वापरतोय.

कार्डावर ठरलेल्या दोनच गोष्टी टाकायच्या: महावितरणचं बिल आणि गाडीचं पेट्रोल. कापसाचं पेमेंट, घरचा किराणा त्यावर आणायचा नाही, नाहीतर हिशेब हातातून सुटतो. पन्नास हजारांच्या एफडीवर समजा ऐंशी टक्क्यांनी चाळीस हजारांची मर्यादा मिळाली, तर बिल बारा हजारांच्या आत ठेवा, म्हणजे तीस टक्क्यांच्या खाली.

यात बारीक गोष्ट अशी की स्टेटमेंट निघायची तारीख वेगळी आणि पैसे भरायची शेवटची तारीख वेगळी. सिबिलला साधारण स्टेटमेंटवरची बाकी दिसते. एखाद्या महिन्यात जास्त खर्च झाला, तर स्टेटमेंट निघायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकतो. मग वापर कमीच दिसतो. शून्यच दाखवायचा अट्टहास नको, थोडं बिल येऊ द्या आणि तारखेआधी पूर्ण भरा.

ऑटो डेबिट लावताना फॉर्मवर ‘टोटल ड्यू’ला खूण केली का ते स्वतः बघा. ‘मिनिमम’ला खूण राहिली तर बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर अठरा टक्के जीएसटी. बारा हजारांवर महिन्याला चारशे वीस रुपये व्याज आणि पंचाहत्तरच्या वर जीएसटी. साडेसहा टक्क्यांनी पन्नास हजारांच्या एफडीचं महिन्याचं व्याज होतं दोनशे सत्तरच्या आसपास. बघा म्हणजे. एटीएममधून कार्डावर रोख तर कधीच काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

ॲडव्होकेट_विश्रामबाग

दादा, दिवाळखोरीचं मनातून काढून टाका. तुमचं काही राहून गेलेलं नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्य कर्जदाराला अजून लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. बाकीच्यांसाठी सांगलीसारख्या ठिकाणी १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यात जिल्हा न्यायालयात अर्ज, मालमत्तेवर रिसीव्हर (कोर्टानं नेमलेला ताबेदार), अशी लांबलचक वाट. छोट्या दुकानदारानं कर्ज देणाऱ्याशी बोलून सेटलमेंट करणं हेच व्यवहाराचं होतं.

सेटलमेंटच्या वेळी कोरे चेक दिलेले असतील तर ते परत मिळाले का बघा. नसतील तर लेखी मागा. आणि कंपनीनं तुमचं कर्ज दुसऱ्या वसुली कंपनीला विकलं असेल, तर नो ड्यूज नक्की कुणाच्या लेटरहेडवर आहे हे तपासा. रिपोर्टमध्ये एकच कर्ज दोन नावांनी दिसायचं कारण बहुतेकदा हेच असतं.

गादीवाला_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट काढले. ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बिझनेस लोन दोनदा दिसतंय. फायनान्स कंपनीच्या नावावर ‘सेटल्ड’ आणि ज्यांना विकलं त्यांच्या नावावर ‘रिटन ऑफ’, खाली साडेतीन लाख बाकी. माझं पत्र त्या दुसऱ्या कंपनीचंच आहे, पूर्ण आणि अंतिम असं त्यात लिहिलंय. वाद नोंदवलाय, चेकही मागितलेत. कार्डाच्या सेटलमेंटमध्ये अकरा हजार सोडले होते, ते भरून क्लोज्ड करून द्याल का असं बँकेला मेल केलंय.

आता एक शंका. एफडी बायकोच्या नावावर ठेवली तर चालेल का? पैसे तिच्या भिशीचे आहेत.

कर्जविभाग_निवृत्त_मिरज

भाऊ, एफडी ज्याच्या नावावर, कार्ड त्याच्या नावावर, आणि स्कोअरही त्याचाच. वहिनींच्या नावावर ठेवलीत तर तुमच्या रिपोर्टला काही उपयोग नाही.

पण तुमच्या प्रश्नामुळं दुसरं एक सुचतंय. वहिनींच्या नावावर आजवर कुठलं कर्ज नाही ना? मग मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून त्यांनाच पुढं करायचा विचार करा. बँका आईवडिलांपैकी एकाला सोबत घेतात, ते वडीलच हवेत असं नाही. त्यासाठी वहिनींच्या नावाची थोडी तरी चांगली नोंद तयार असलेली बरी. पन्नास हजारांच्या दोन एफडी करा, पंचवीस-पंचवीसच्या. दोघांच्या नावे एकेक कार्ड, मर्यादा लहान असली तरी पुरते. तुमच्या कार्डावर वीजबिल, वहिनींच्या कार्डावर मुलीच्या क्लासची फी. आधी त्या बँकेची किमान ठेव किती ते बघा.

पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतल्या कॉलेजांची यादीही आत्ताच बघून ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना आहे. मुलीला त्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीन दोन्ही लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात तीन टक्के सवलत आहे.

मशीनच्या कर्जासाठी मात्र घाई करू नका. वर्षभर कार्ड नीट चालू दे. मध्ये चार बँकांत अर्ज टाकत फिरलात, तर प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टवर उमटते आणि पुढच्या साहेबाला वाटतं, हा माणूस कर्जासाठी वणवण करतोय.

गादीवाला_सांगली

तिच्या नावावर काहीच नाही, साधी सोनेतारणाची पावतीसुद्धा नाही. काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची शाखा पंचवीस हजारांवर कार्ड देते, वार्षिक फी नाही, मर्यादा ऐंशी टक्के. सोमवारी दोघंही जातोय. ऑटो डेबिटच्या फॉर्मवर ‘टोटल’ला खूण स्वतः करणार. वादाचं उत्तर आलं की इथंच लिहितो.